दोन दिवसांची कोहा कार्यशाळा : पाचशे रुपयांत काय पदरात पडतं

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या संगणक कक्षात, ग्रंथालय संघाने घेतलेल्या कोहा कार्यशाळेचं हे परीक्षण. फी पाचशे रुपये. त्यात दोन्ही दिवसांचं जेवण, चहा, छापील टिपण आणि प्रमाणपत्र. राहायची सोय ज्याची त्याने करायची. निर्णय आधीच सांगून टाकतो : पहिल्या दिवशीचं बरंचसं शिक्षण घरी बसूनही होण्यासारखं आहे, दुसऱ्या दिवसाची दुपार मात्र पाचशे रुपयांच्या कितीतरी पट मोलाची आहे. तेवढ्यासाठी जावं.

कोहा म्हणजे ग्रंथालयाचा सगळा कारभार (तालिका, देवघेव, सभासद, दंड, नियतकालिकं) सांभाळणारी मुक्त संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने १९९९ मध्ये ती करून घेतली, २००० पासून ती चालू आहे, आणि तिला परवाना शुल्क नाही. २०११ मध्ये कोहाची जागतिक परिषद ठाण्यात भरली होती. महाराष्ट्रात जाणकार माणसं आहेत. पण त्यातली बहुतेक मुंबई-पुण्याकडे, आणि दारव्हा, मेहकर किंवा चिमूरच्या ग्रंथालय लिपिकाला दोन दिवस रजा काढून तिकडे जाणं झेपत नाही. म्हणून तालुक्याच्या गावी अशी कार्यशाळा होणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि संघाचं त्यासाठी मनापासून कौतुक केलं पाहिजे.

येणाऱ्यांत तीन तऱ्हा असतात. महाविद्यालयांचे ग्रंथालय सहायक आणि लिपिक : यांच्याकडे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीची तारीख लागलेली असते, आणि त्या मूल्यांकनात ग्रंथालयाचं संगणकीकरण विचारलं जातं. सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल : १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी ‘ब’, ‘क’, ‘ड’ वर्गाची वाचनालयं, जिथे ग्रंथपाल, लिपिक आणि झाडलोट करणारा हे बरेचदा एकच माणूस. आणि तिसरे निव्वळ संगणक चालवणारे, ज्यांना लिनक्स येतं पण दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद) म्हणजे काय ते माहीत नसतं. तिघांना एकाच बाकावर बसवून एकच धडा दिला की कुणाचंच समाधान होत नाही. इथे तेच झालं. निदान दुसऱ्या दिवशी तरी दोन गट करायला हवे होते.

पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणांत जेवणाची वेळ जवळ आली. सकाळचा वेळ उन्हाळ्यात सगळ्यात कामाचा असतो. दुपारी दोननंतर पत्र्याच्या छताखालच्या संगणक कक्षात पंखा असला काय नि नसला काय, डोकं चालत नाही. उद्घाटन वीस मिनिटांत उरकावं आणि संगणक नऊलाच सुरू करावेत, ही संघाला आग्रहाची विनंती.

मग बसवणं. प्रत्येक संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकातच दुसरा संगणक चालवणारी प्रणाली) टाकून त्यात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि कोहा तयार असलेली फाइल उघडायची, असा बेत. बेत चांगला, कारण मूळ विंडोजला धक्का लागत नाही. पण दोन गोष्टींनी तास खाल्ला. ती फाइल चार जीबीपेक्षा मोठी होती आणि वाटलेले बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले होते. फॅट३२ वर चार जीबीच्या पुढची एकच फाइल चढत नाही, मग पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा असो की चौसष्टचा. एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट केला की काम होतं. दुसरी अडचण बायोसमधली, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीतली : जुन्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलायझेशन बंद ठेवलेलं असतं, ते बायोसमध्ये जाऊन चालू केल्याशिवाय ६४ बिटचं उबुंटू उघडत नाही. आणि ज्या यंत्रात चार जीबी रॅम होती तिथे विंडोज आणि उबुंटू दोघांचा श्वास कोंडला. आठ जीबी आणि एसएसडी असलेल्या यंत्रावर तेच काम सुरळीत झालं.

प्रशिक्षकाची एक पद्धत मात्र फार आवडली. त्यांनी कुणाच्याही माऊसला हात लावला नाही. आज्ञा फळ्यावर लिहायची, का लिहिली ते सांगायचं, आणि चुकलेल्याला चूक स्वतः वाचायला लावायची. कोहा-क्रिएटने ग्रंथालयाची नवी प्रत तयार करणं, अपाचे या वेब सर्व्हरमध्ये वाचकांसाठी ८० आणि कर्मचाऱ्यांसाठी ८०८० अशी दोन दारं उघडणं, कोहा-पासडब्ल्यूडी या आज्ञेने पहिला पासवर्ड काढणं, मग ब्राउझरमधून मांडणी पूर्ण करणं. हे सगळं माणसांनी आपल्या हाताने केलं. त्यातली एक वाट मात्र घाईत गेली : देवघेवीचे नियम. सभासदाचा वर्ग आणि पुस्तकाचा प्रकार यांच्या जोडीला किती पुस्तकं, किती दिवस, दंड किती, हे तक्त्यात भरलं नाही तर पहिलंच पुस्तक देताना प्रणाली अडवते. गावी गेल्यावर पहिला फोन याच कारणासाठी होतो. अर्धा तास इथे हवा होता.

छापील टिपणाबद्दल एक सांगायला हवं. कोहाची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये निघते, आणि क्रमांक वर्ष-महिन्यावरून पडतो. टिपणातली चित्रं बऱ्याच जुन्या आवृत्तीची होती, त्यामुळे मेन्यूची नावं जुळेनात. टिपणाच्या पहिल्या पानावर आवृत्ती क्रमांक छापला तरी निम्मा गोंधळ मिटेल.

आता दुसरा दिवस, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहोत. प्रणाली एकदाच बसवायची असते, आणि ती बसवून देणारा माणूस जिल्ह्यात कुठेतरी मिळतो. ग्रंथालय अडतं ते माहितीपाशी. पन्नास वर्षांच्या दाखल नोंदवह्या, तीन हस्ताक्षरं, काही पानं वाळवी लागलेली, मधेच कुणीतरी एक्सेलमध्ये केलेली अर्धवट यादी, आणि ती यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली. ही माहिती कोहात नीट गेली तर संगणकीकरण झालं, नाही तर शोभेचा संगणक. संघाने पत्रातच कळवलं होतं की नोंदवहीच्या पन्नास नोंदींची छायांकित प्रत सोबत आणा. ज्यांनी आणली त्यांचं सोनं झालं. ज्यांनी आणली नाही त्यांना तयार नमुना दिला गेला, आणि तो इतका स्वच्छ होता की त्यातून शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एक्सेलमधले खड्डे प्रशिक्षकाने एकेक करून दाखवले, आणि ते सगळे खरे आहेत. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) तेरा अंकी असतो, एक्सेल त्याला संख्या समजून ९.७८ आणि पुढे ई बारा असं काहीतरी करून ठेवतो. दाखल क्रमांक ००१२३ लिहिला की पुढची शून्यं गायब. उपाय एकच : टंकायच्या आधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा, नंतर केला तर उपयोग नाही. किमतीच्या रकान्यात नोंदवहीप्रमाणे ‘रु. ४५/-’ असं उतरवायचं नाही, नुसता आकडा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ. आणि प्रकाशन वर्ष, किंमत, दाखल क्रमांक हे इंग्रजी आकड्यांतच हवेत. मराठी आकड्यांत टंकलेल्या वर्षावर वर्षवार शोध आणि क्रम चालत नाही. जुन्या नोंदवह्या मराठी आकड्यांत असल्याने ही चूक विदर्भात जवळजवळ प्रत्येक वाचनालयात होते. फाइल साध्या सीएसव्हीमध्ये साठवली तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ किंवा ‘युनिकोड टेक्स्ट’ निवडावं लागतं.

यानंतर जे दाखवलं ते इतर कुठल्या कार्यशाळेत सहसा कुणी दाखवत नाही. शोधात ‘शेतकऱ्यांचा’ असं टाकलं, आणि त्या शब्दाने सुरू होणारी दोन शीर्षकं यादीत डोळ्यांना दिसत असताना सापडलं एकच. कारण त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं (युनिकोड ०९३१), त्याला हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र (०९३०), हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह, मग य. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्रासाठी ते दोन वेगळे शब्द. एका टंकलेखकाने इनस्क्रिप्ट वापरलं आणि दुसऱ्याने फोनवरचा कीबोर्ड, की एकाच ग्रंथालयात दोन्ही प्रकार जमा होतात. ॲ चंही तसंच : एक सलग अक्षर (०९७२), दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्या, कचेऱ्या, ॲसिड, ॲनिमिया : मराठीत असे शब्द थोडे नाहीत.

उपाय सोपा आहे, पण तो कोहात जायच्या आधी करायचा असतो. लिबरऑफिस कॅल्क किंवा ओपनरिफाइनमध्ये सगळी यादी उघडायची, दुसऱ्या प्रकारचा ‘र्‍’ जोडचिन्हासकट नक्कल करून ‘शोधा’च्या चौकटीत टाकायचा आणि पहिल्या प्रकारच्या ‘ऱ्’ने बदलायचा. मग ॲ साठी तेच. शेवटी ओळीच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढायच्या. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रात देवनागरीसाठी आयसीयू (युनिकोडमधल्या लिपी हाताळणारी) निर्देशिका लावावी लागते, हेही इथे करून दाखवलं : डिफॉल्ट निर्देशिकेच्या फाइलमधल्या ‘कॅरमॅप’च्या ओळी बदलून ‘आयसीयूचेन’ करायच्या आणि मग संपूर्ण निर्देशिका नव्याने बांधायची. पण आयसीयू लावलं म्हणजे वरचा ऱ चा फरक आपोआप मिटेल, या भरवशावर राहू नये.

जुन्या फॉन्टमधल्या याद्यांसाठी परिवर्तक वापरले, आणि त्यात नेमकं काय बिघडतं ते तपासायला लावलं. पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते, रफार हलतो, श्र आणि क्ष मोडतात. शंभर नोंदी परिवर्तित करून त्या हाताने वाचल्याशिवाय पूर्ण यादीला हात लावू नये, हा सल्ला लाखमोलाचा.

पुढची पायरी मार्कएडिट, म्हणजे यादीच्या ग्रंथालयीन नोंदी करून देणारी प्रणाली. एक्सेलचे स्तंभ मार्क २१ (ग्रंथनोंदींचा प्रमाणित आराखडा) च्या क्षेत्रांना जोडायचे : लेखक १००, शीर्षक २४५, आवृत्ती २५०, प्रकाशन २६०, पृष्ठं ३००, आणि कोहाचं स्वतःचं ९५२, ज्यात प्रत्येक प्रतीची माहिती जाते. ९५२ मध्ये ‘पी’ म्हणजे बारकोड, ‘ओ’ वर्गांक, ‘जी’ किंमत, ‘वाय’ पुस्तकाचा प्रकार, ‘ए’ आणि ‘बी’ ग्रंथालयाचा संकेत. प्रकाराचा आणि ग्रंथालयाचा संकेत कोहाच्या प्रशासनात जसा दिला आहे अक्षरशः तसाच हवा, नाही तर शीर्षक चढतं आणि प्रत चढत नाही. मग तालिकेत पुस्तक दिसतं, पण देता येत नाही. बारकोड दुबार आला तरी तीच गत. नोंदीच्या सुरुवातीच्या लीडर ओळीत नववं स्थान (शून्यापासून मोजून) ‘ए’ असायला हवं, त्यावरून नोंद युनिकोडमध्ये आहे हे कळतं. भाषेचा संकेत ‘एमएआर’. नोंदी आधी ‘स्टेज’ करून (तात्पुरत्या ठेवून) किती आल्या, किती गळल्या ते वाचायचं आणि मगच आत घ्यायच्या. चुकलं तर ती तुकडी परत काढता येते, म्हणून पाचशेच्या तुकड्या करा, दहा हजार नोंदी एकदम लोटू नका.

झेड ३९.५० या पद्धतीने दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी आयत्या घेता येतात, हेही दाखवलं. पण मराठी पुस्तकांसाठी त्याचा उपयोग बेताचा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, त्या बहुतेक रोमन लिपीत. वर्गांक आणि आकार-पृष्ठं घ्यावीत, शीर्षक आणि लेखक आपल्या हाताने देवनागरीत टंकावेत. ड्यूई वर्गीकरणात मराठी कादंबरीला ८९१.४६३, कवितेला ८९१.४६१, एवढं पाठ असलं तर मराठी साहित्याच्या कपाटांचा बराचसा भाग बाहेरच्या नोंदीशिवायच होतो.

बारकोडला अर्धा तास मिळाला आणि तो अपुरा होता. ए-फोर कागदावर ६५ चिकटपट्ट्यांचा साचा सर्वत्र मिळतो, प्रत्येक पट्टी ३८.१ गुणिले २१.२ मिलिमीटर. छापताना प्रिंटरच्या चौकटीत ‘पानाला बसवा’ हा पर्याय निवडलेला राहिला की शेवटच्या ओळीपर्यंत छपाई सरकत जाते. १०० टक्के आकार ठेवून आधी साध्या कागदावर छापायचं आणि पट्ट्यांच्या कागदावर धरून उजेडात पाहायचं. वरून सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडते आणि चकाकल्यामुळे स्कॅनर वाचत नाही. आणखी एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती इथे लिहितो : बारकोडमध्ये इंग्रजी अक्षरं असतील आणि कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर स्कॅनर ती अक्षरं देवनागरीत टाकतो आणि पुस्तक ‘सापडत नाही’. स्कॅनर बिघडलेला नसतो. काउंटरच्या संगणकावर बारकोड नुसते आकडी ठेवले तर ही कटकट बरीच कमी होते.

सगळ्यात मोठी उणीव बॅकअपची. हा विषय वेळापत्रकात होता, पण समारोपाने खाल्ला. डेबियन पॅकेजमधून (उबुंटूवर बसवायच्या तयार संचातून) बसवलेलं कोहा रोजचा बॅकअप आपोआप घेतं, असं सांगून पुढे गेले. ते खरं आहे, पण आपल्या गावात ते घडत नाही. रोजची ती कामं पहाटे ६ वाजून २५ मिनिटांनी ठरलेली असतात, आणि त्या वेळी वाचनालयाचा संगणक बंद असतो. ‘अनाक्रॉन’ बसवलेलं असेल तर संगणक सुरू झाल्यावर राहिलेलं काम उरकलं जातं. ते बसवलेलं नसेल तर महिनोन्महिने एकही बॅकअप तयार होत नाही आणि कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय आपोआप ठेवले जातात ते मोजके दोन दिवसांचे. म्हणून संध्याकाळी कुलूप लावण्याआधी कोहा-डम्प स्वतः चालवावं, त्यातून निघणाऱ्या दोन्ही फाइली (माहितीसाठ्याची आणि मांडणीची) पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि पेनड्राइव्ह ग्रंथालयाबाहेर ठेवावा. एकच फाइल जपून ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि परत उभं करताना दोन्ही लागतात.

लाइनचा प्रश्न तर विचारलाच गेला नाही. भारनियमनात संगणक झटक्यात बंद पडत राहिला की माहितीसाठ्याच्या तक्त्यांना इजा होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस मॉनिटरसकट दहा-पंधरा मिनिटं टिकतो, तेवढा वेळ नीट बंद करण्यासाठी आहे, काम चालू ठेवण्यासाठी नाही. आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर लाइन गेल्यावर घड्याळ मागे जातं. त्या दिवशी दिलेल्या पुस्तकांची परतीची तारीख अनेक वर्षं मागची पडते, आणि तारीख दुरुस्त झाली की सभासदांवर दंड चढतो. सेल किरकोळ किमतीत तालुक्याच्या दुकानात मिळतो. सकाळी संगणक लावल्यावर आधी तारीख पाहायची सवय लावून घ्या.

प्रमाणपत्राविषयी महाविद्यालयीन ग्रंथपालांनी गैरसमज ठेवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक ग्रंथपालांच्या पहिल्या पदोन्नतीसाठी स्वयंचलन-अंकीकरणाचं प्रशिक्षण किमान पाच दिवसांचं सांगितलं आहे. दोन दिवसांचा हा कागद तिथे एकटा पुरत नाही. संघाने हीच कार्यशाळा पाच दिवसांची केली, तर पदोन्नतीचं काम होईल आणि बॅकअपला, बारकोडला, वर्गीकरणाला वेळही मिळेल.

दुसरे पर्याय? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची सोल ही ग्रंथालय प्रणाली, त्यांच्या प्रशिक्षणासह, महाविद्यालयांना मानवते. पण सार्वजनिक वाचनालयाला तिचा खर्च आणि प्रवास परवडत नाही. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय ४.० इंटरनेटवर चालतं आणि शासकीय ग्रंथालयांसाठी योग्य आहे. गावात नेट दिवसभर टिकत नसेल तर काउंटरवर खोळंबा होतो. कोहा स्वतःच्या संगणकावर, नेट नसतानाही चालतं, आणि ग्रामीण वाचनालयासाठी आम्ही तेच सुचवू.

संघाची वार्षिक वर्गणी भरावी का, असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर हो असं आहे. अधिवेशनाच्या ठरावांपेक्षा कार्यशाळेनंतर फोन उचलणारी माणसं हा तिचा खरा लाभ आहे. इथल्या प्रशिक्षकांनी नंतरही शंकांना उत्तरं दिली, त्रुटीच्या संदेशाचं छायाचित्र पाहून नेमकी ओळ सांगितली. फक्त शंका विचारताना कोहाची आवृत्ती आणि उबुंटूची आवृत्ती आधी लिहा, तीन उलट प्रश्न वाचतात.

जाण्याआधी आयोजकांना फोन करून एवढं विचारा : आमच्या स्वतःच्या नोंदी चढवून देणार का, यंत्रात रॅम किती, दोघांत एक संगणक की प्रत्येकाला एक. सोबत न्यायचं ते : नोंदवहीच्या सगळ्यात घाण पानांची प्रत, जुन्या यादीची मूळ फाइल आणि तिच्यात वापरलेल्या फॉन्टचं नाव, एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह, आणि स्वतःचा लॅपटॉप नेणार असाल तर एक एक्स्टेंशन बोर्ड, कारण कक्षात सॉकेट मोजकेच होते आणि त्यातले दोन कूलरने अडवले होते.